लिफ्ट किट बसवायला गाडी किती दिवस अडकते? (बोलेरो, शहादा)

शहाद्याचा_बोलेरोवाला
नमस्कार मंडळी. माझ्याकडे बोलेरो आहे. कामानिमित्त शहाद्याहून धडगावकडे सारखं जाणं असतं. डांबरी सोडून पाड्यांच्या वाटेला लागलं की गाडीचं पोट दगडांना घासतं. दोन इंचाचं लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान) टाकावं असं मनात आहे. एक गॅरेजवाला म्हणतो, दोन तासांत करून देतो, चहा पिऊन या. दुसरा म्हणतो, तीन दिवस गाडी विसरा. सुरतेला फोन केला तर ते म्हणतात एक दिवस. काम एकच आणि वेळेत एवढा फरक कसा? आखाजी तोंडावर आली आहे, बहिणींना माहेरी आणायला गाडी लागणार. म्हणून आधीच नीट कळलं तर बरं.

आप्पा_अंमळनेर
भाऊ, तिन्ही खरंच सांगी ऱ्हायनात. फक्त तिन्ही येगयेगळं काम सांगी ऱ्हायनात. तू कोनतं काम करनार शे ते आधी इचार.

थारकर_जळगाव
माझी नवी थार, चारही बाजूंना कॉईल स्प्रिंग. फक्त स्पेसर टाकले. सकाळी गाडी रॅम्पवर चढवली आणि जेवायच्या आत उतरवली. वर चाकांच्या अलाइनमेंटचा तास धरा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, तीन दिवस सांगणारा तुम्हाला गुंडाळतोय. बिनधास्त करा.

पाना_आणि_गोटी
थारकर, तुमची थार वेगळी आणि त्यांची बोलेरो वेगळी. बोलेरोला पुढे कॉईल असली तरी मागे पाटे (एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग) आहेत, आणि वेळ खातात ते पाटेच. मी धुळ्यात हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘लिफ्ट किट’ या नावाखाली लोक निदान तीन प्रकारची कामं करून घेतात. पहिलं नुसत्या स्पेसरचं. स्प्रिंग जुनीच, शॉकअप जुनाच, मधे जाड चकती. मागे पाटे असतील तर पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा. दोन माणसं, रॅम्प आणि हवेची गन असेल तर चारही चाकांचं मिळून तीन-चार तास. दोन तासांत करून देतो म्हणणारा बहुतेक फक्त पुढचीच दोन चाकं उचलणार आहे, नाहीतर अलाइनमेंट न करता गाडी हातात देणार आहे.

दुसरं पूर्ण सेटचं. नव्या उंच स्प्रिंगा, मागे नवे पाटे, त्या उंचीला पुरतील असे लांब शॉकअप, पाटा ॲक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट, सांध्यातले नवे रबरी बुश. याला सहा ते आठ तास, म्हणजे धड एक दिवस. सुरतवाल्यांनी बहुधा हेच सांगितलं असेल.

तिसरं चार इंच आणि त्यापुढचं. त्यात ब्रॅकेट बदला, वेल्डिंग करा, प्रॉपेलर शाफ्टचा कोन सुधारा, ब्रेकचे होज लांब टाका. दोन-तीन दिवस कमीत कमी. रोज माणसं बसवायची गाडी असेल तर हे काम मी घेतच नाही.

आता तुमचा तीन दिवसवाला. त्याला लगेच चोर म्हणू नका. वेळ नवीन सामान बसवण्यात जात नाही, जुनं सुटण्यात जातो. आपल्याकडे कोकणासारखा खारा गंज नाही हे खरं, पण काळी माती यू-बोल्टच्या पेचात शिरते, उन्हात वाळते आणि सिमेंटसारखी धरते. शॅकलची (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याची) पिन बुशमध्ये अडकली की हातोडा, मग गॅसची ज्योत, मग कटर, असा अर्धा दिवस कुठे गेला कळत नाही. शिवाय यू-बोल्ट मापाचे मिळाले नाहीत तर ते वळवून आणेपर्यंत गाडी घोड्यांवर (स्टँडवर) उभी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार आमच्या शेडखाली पाना हातात धरवत नाही, तेवढे तास तुम्हीच वजा करा.

म्हणून गाडी देण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारत जा. आधी खालून पाण्याच्या प्रेशरने धुऊन घ्या. एवढं केलं तरी मिस्त्रीचे दोन तास वाचतात.

थारकर_जळगाव
बरोबर आहे, पाट्यांचा अनुभव मला नाही. पण स्पेसर वाईट असं मी ऐकून घेणार नाही. माझी गाडी मनुदेवीच्या रस्त्यालाही जाते आणि रोज कामावरही जाते.

पाना_आणि_गोटी
वाईट म्हटलंच नाही. एक-दीड इंचापर्यंत चालून जातं. फक्त एक लक्षात असू द्या. पुढे शॉकअपच्या डोक्यावर चकती टाकली की चकती एक इंचाची असली तरी चाकापाशी उंची दीड ते दोन इंच वाढते, कारण शॉकअप चाक धरणाऱ्या आर्मच्या मध्ये कुठेतरी बसलेला असतो, टोकाला नाही. लोक दोन इंच लिफ्ट पाहिजे म्हणून दोन इंचाची चकती मागवतात. मग आर्म खाली लटकतो, फोर-व्हीलच्या गाडीत पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याचे रबरी बूट फाटायला लागतात.

जिप्सीनाना
माझी जिप्सी चारही बाजूंना पाट्यांवर. तिच्यावर हे सगळे प्रयोग झालेत, म्हणून पाट्यांबद्दल दोन शब्द.

लांब शॅकल टाकून उंची वाढवायची असेल तर हिशेब उलटा आहे. शॅकल दोन इंच लांब केली की गाडी एकच इंच उचलली जाते, कारण पाट्याचं दुसरं टोक जागेवरच असतं. शॅकल बदलणं तसं सोपं, पिना सुटल्या तर दोन-अडीच तासांत चारही होतात. पण पुढच्या पाट्यांना लांब शॅकल टाकली की ॲक्सल थोडा फिरतो, स्टिअरिंग हलकं होतं आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. नंदुरबारहून धुळ्याला येताना हात सारखा स्टिअरिंगवर झगडत राहतो.

ठोकळे मागे चालतात. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीच लावू नका. ब्रेक मारल्यावर सगळा जोर पुढे येतो आणि ठोकळा सरकला तर ॲक्सलच सरकला.

आणि यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट काढले की भंगारात टाका. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत आवळला की पकड धरत नाही. चार पैसे वाचवायला कमानवाला (पाट्यांचं काम करणारा) म्हणेल, ‘नाना, चांगलाच आहे की.’ ऐकायचं नाही.

केळीवाला_रावेर
बोलेरोत माल भरता का नुसती माणसं? आमच्याकडे केळीच्या गाड्यांना मागे एक पाटा चढवून घेतात, त्यानेच इंच-दीड इंच उंची येते. कमानवाला दोन्ही बाजूंचं अर्ध्या दिवसात करून देतो. भरल्या गाडीला एकदम झकास. मात्र रिकामी गाडी सावद्यापर्यंत नेली तरी कंबर धरते.

शहाद्याचा_बोलेरोवाला
माल नाही, माणसंच. कधी सोबत आरोग्य शिबिराच्या पेट्या, कधी पाड्यावरचं एखादं आजारी माणूस.

अक्राणीची_मास्तरीण
मग माझं जरा ऐका. मी मोलगीकडच्या शाळेत आहे आणि अशाच उंच केलेल्या जीपमधून येणंजाणं करते. गाडी दगडावरून छान जाते, पण म्हाताऱ्या बायकांना चढता येत नाही. एक जण आतून ओढतो, एक बाहेरून ढकलतो. बाळंतिणीला खाली न्यायचं असेल तेव्हा तर फारच हाल. दोन इंच म्हणजे कागदावर काही नाही, गुडघे दुखणाऱ्या बाईला विचारा. लिफ्ट करणार असाल तर पायरी खालच्या उंचीची लावा आणि आतून धरायला दांडा बसवून घ्या. त्याचं वेल्डिंग वेळेच्या हिशेबात धरा.

आप्पा_अंमळनेर
बाई नी लाख रुप्यानी गोट सांगी.

विमावाला_धुळे
वेळेचं बोलणं चाललंय, कागदपत्रांचं कोणी काढलं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवर जे तपशील आहेत आणि कंपनीने जे ठरवून दिले आहेत, त्यापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-ए आलं. मालकाने नियमाबाहेरचा बदल केला तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

रस्त्यात कोणी टेप घेऊन मोजत नाही हे मलाही माहीत आहे. प्रश्न अपघातानंतर येतो. सर्व्हेअर गाडीखाली वाकला आणि त्याला ठोकळे दिसले की दावा लोंबकळतो. आणि तुमच्या गाडीत दुसऱ्याची आजारी माणसं बसतात. करायचं असेल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा. या विचारण्याला मिस्त्रीपेक्षा जास्त दिवस लागतात, ते आखाजीच्या हिशेबात धरलेले नाहीत.

थारकर_जळगाव
झालं, आला कायदा. मग अर्ध्या जळगावचे रुंद टायर जप्त करा.

विमावाला_धुळे
मी जप्त करणारा कोण? मी दावे भरतो. नामंजूर झालेला दावा घेऊन माणूस माझ्यासमोर बसतो, तुमच्यासमोर नाही.

पाना_आणि_गोटी
विमावाले योग्य बोलले. आता मला बोलेरोवाल्यांना एक विचारायचं आहे, हे मी पहिल्याच उत्तरात विचारायला हवं होतं असं कोणी म्हणेल, पण गाडीखाली बघितल्याशिवाय मालकालाही ते सांगता येत नाही. तुमच्या गाडीचं नेमकं काय घासतं? उद्या सकाळी उजेडात गाडीखाली झोपा आणि ताजे ओरखडे कुठे आहेत ते बघा. पुढचं क्रॉस मेंबर, सायलेन्सर, फूटबोर्ड, की मागचा गोळा (डिफरेन्शियल)?

शहाद्याचा_बोलेरोवाला
बघितलं. पुढे ऑइल चेंबरच्या खालच्या पत्र्यावर थोडे जुने ओरखडे आहेत. मागच्या ॲक्सलच्या मधल्या गोळ्यावर मात्र ताजे, चकाकणारे आणि भरपूर.

पाना_आणि_गोटी
मग ऐका. लिफ्ट किटने तो गोळा केसभरही वर जाणार नाही.

किट चॅसी उचलतं. बॉडी वर जाते, सायलेन्सर वर जातो, पुढचा पत्रा वर जातो. पण मागचा ॲक्सल थेट चाकांना धरलेला आहे. चाकाचा मध्य जिथे, गोळ्याचा मध्य तिथेच. पाट्यात ठोकळा टाका, दोन टाका, गोळा जमिनीपासून तेवढाच राहणार. तो उचलायचा उपाय एकच, मोठा टायर.

हिशेब करून देतो. बोलेरोला कंपनीचा टायर २१५/७५ आर १५, त्याचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ टाकला तर ७३३. व्यासात ३० वाढले, म्हणजे गोळा १५ मिलिमीटर वर. दीड सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं, पण गोळा दगडाला टेकतोच तो एवढ्याशा फरकाने. टायर बदलायला चारही चाकांचा बॅलन्सिंगसकट दीड तास. आधी रिमची रुंदी त्या टायरला चालते का आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आत कुठे लागतो का, हे बघून घ्या. लागत असेल तरच पुढे थोडी उंची द्यायची. आणि वेगाचा काटा खोटं बोलू लागतो. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ वर असेल.

जिप्सीनाना
शंभर टक्के. जिप्सीचंही तेच. लोक पाटे उंच करून येतात आणि म्हणतात, तरी गोळा लागतोय.

थारकर_जळगाव
थांबा, म्हणजे माझ्या थारचाही मागचा गोळा तेवढाच खाली आहे?

पाना_आणि_गोटी
तेवढाच. मागे अखंड ॲक्सल आहे ना. तुमच्या पोटाखालची जागा वाढली, चढ-उताराला नाक आणि शेपूट कमी घासतं, त्याचा फायदा खरा आहे. गोळ्याचा नाही.

थारकर_जळगाव
…ठीक. पुढच्या वेळी टायर.

केळीवाला_रावेर
थारकर गप्प झाले! यावर एकदा भरीत पार्टी झाली पाहिजे. वांगी बामणोदची, जागा आमच्या मळ्यातली.

आप्पा_अंमळनेर
कळण्यानी भाकर मी लई येस.

शहाद्याचा_बोलेरोवाला
खरंच डोळे उघडले. मग असं करू का? टायर २३५ चे, मागे पाटे जुने झाले आहेत ते तर बदलावेच लागणार, आणि पुढे गरज पडली तरच थोडी चकती. तरी किती वेळ?

पाना_आणि_गोटी
हे शहाण्यासारखं झालं. दबलेले पाटे कंपनीच्याच मापाचे नवे टाकले तरी गाडी मूळ उंचीवर येते. दबलेल्या पाट्यांवर किट टाकणारे बरेच जण आपली हरवलेलीच उंची विकत घेतात. वर विमावाल्यांची कटकटही कमी, कारण पाटे कंपनीचेच.

वेळ: मागचे पाटे, बुश आणि यू-बोल्ट बदलायला तीन ते पाच तास, जुनं कसं सुटतं त्यावर. टायरचा दीड तास. पुढे चकती टाकावी लागली तर आणखी दोन-अडीच तास, आणि कॉईलवर स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) लावल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. त्यानंतर अलाइनमेंट. सगळं मिळून सकाळी नऊला दिलेली गाडी दिवेलागणीला मिळावी. पण दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा.

गाडी ताब्यात घेताना या गोष्टी स्वतः बघा, कारण घाईत यांनाच चाट बसते. बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उतरवून, चाकांवर वजन आल्यावर शेवटचे आवळायचे असतात. गाडी हवेत असताना आवळले तर रबर पिळून बसतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. हे काम पंधरा मिनिटांचं, पण गाडी उतरवून परत खाली शिरायचा कंटाळा येतो. ब्रेकचे होज चाक पूर्ण खाली लटकल्यावर ताणत नाहीत ना, ते बघा. मागच्या ॲक्सलपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाणारी काडी असेल तर तीही बघा. तो व्हॉल्व्ह मागे किती वजन आहे ते ॲक्सल आणि चॅसीमधल्या अंतरावरून ओळखतो. मागची उंची वाढली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचे ब्रेक कमी लावतो. माणसांनी भरलेली गाडी घाटात उतरताना हे परवडणारं नाही. शेवटी हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचा शिव्या देत जाईल.

आणि पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळायला या. याचे पैसे कोणी घेत नाही, तरी कोणी येत नाही.

अक्राणीची_मास्तरीण
तोरणमाळच्या सात पायरी घाटात उंच गाडी कशी झुलते तेही सांगा त्यांना. मागच्या सीटवर बसणाऱ्यालाच कळतं ते.

पाना_आणि_गोटी
बाईंनी राहिलेलं सांगितलं. उंची वाढली की गाडी वळणावर जास्त कलते. बोलेरो मुळातच उंच आणि अरुंद. वरच्या कॅरिअरवर पेट्या लादू नका.

शहाद्याचा_बोलेरोवाला
मंडळी, काम झालं. धुळ्यालाच दिली होती. गाडी आधी धुऊन, तेल मारून नेली. तरी डाव्या बाजूची मागची शॅकल पिन सुटेना, शेवटी कापावी लागली आणि बुश बाहेर काढायला लेथवाल्याकडे पळावं लागलं. संध्याकाळऐवजी गाडी रात्री मिळाली, अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. पुढे चकतीची गरजच पडली नाही, टायर कुठेच लागत नाही. पाड्याच्या त्याच वाटेने जाऊन आलो. गोळा एका ठिकाणी लागला, पूर्वी पाच-सहा ठिकाणी लागायचा. मास्तरीणबाईंच्या सांगण्यावरून आतून दांडाही बसवून घेतला, त्याला जेमतेम तासभर लागला.

विमावाला_धुळे
टायरच्या मापातला बदल विमा कंपनीला मेलने कळवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

चोपड्याचा_बापू
धागा उशिरा वाचला. माझी जुनी थार आहे, २०१४ ची. पुढे कॉईल नाही, टॉर्शन बार आहे म्हणतात. मिस्त्री म्हणतो किट कशाला, नुसता बोल्ट फिरवून उंच करतो, अर्ध्या तासात. करू का?

पाना_आणि_गोटी
बोल्ट फिरवून उंची येते हे खरं, आणि अर्धा तासही खरा. पण त्याने बार, म्हणजे पिळावर स्प्रिंगचं काम करणारी दांडी, नवा होत नाही, फक्त त्याला आधीच पीळ दिला जातो. चाकाला खाली जायला जागा कमी उरते, खड्ड्यात चाक लटकतं आणि धाडकन आवाज येतो. थोडी उंची, म्हणजे दबलेली परत आणण्यापुरती, चालेल. दोन्ही बाजूंचे बोल्ट फिरवायच्या आधी किती पेच बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा. फिरवल्यावर थोडी गाडी चालवून मगच उंची मोजा, उभ्या गाडीची मापं फसवतात. आणि अर्ध्या तासाच्या कामाला अलाइनमेंटचा एक तास वर धरा, तो टाळलात तर पुढचे टायर एका बाजूने खाऊन जातील.

चोपड्याचा_बापू
मागचे पाटेही बसले आहेत थोडे.

पाना_आणि_गोटी
मग आधी मागचं करा. मागची उंची ठरली की पुढचा बोल्ट तिच्या मापाने फिरवायचा. उलटं केलं तर पुढचं काम दोनदा करावं लागेल.